अटॅक्सिया असलेल्या माणसाला भेट काय द्यावी?

सोनचाफा
मंडळी, सल्ला हवा आहे. धाकट्या मावशीचा पन्नासावा वाढदिवस दिवाळीच्या आठवडाभर आधी येतोय. तिला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया आहे. घरात भिंतीला हात लावत चालते, घास तोंडापाशी नेताना हात हलतो, बोलणं जरा अडखळतं. बुद्धी, स्मरणशक्ती आणि बदाम सातमधली चलाखी मात्र पूर्वीइतकीच. आम्ही भाचरांनी मिळून ६,००० रुपये जमवलेत. साडी, घड्याळ, शोपीस नको. रोज हाताला लागेल असं काहीतरी हवं. पण पुडकं उघडल्यावर "मी आजारी म्हणून हे आणलं" असंही तिला वाटायला नको. काय द्यावं? आणि काय मुळीच देऊ नये?

लंबक
आधी आजार काय करतो ते नीट समजून घेऊ, कारण खरेदी त्यावरच ठरते. अटॅक्सियात स्नायूंत ताकद असते. पण हालचाल किती करायची, कुठे थांबवायची याचा हिशेब लहान मेंदू ठेवतो आणि तो हिशेब चुकायला लागतो. हात पेल्याच्या पुढे निघून जातो किंवा अलीकडेच थांबतो. कंपही मांडीवर निवांत ठेवलेल्या हाताला फारसा नसतो. वस्तूजवळ जाताना, शेवटच्या चार बोटांच्या अंतरात तो वाढतो. पार्किन्सन्समध्ये बहुधा उलट असतं: हात स्वस्थ असताना थरथरतो आणि काम सुरू केलं की थरथर कमी होते. त्यामुळे "थरथरणाऱ्या हातांसाठी" अशी चिठ्ठी लावून विकलेली वस्तू दोघांना सारखी उपयोगी पडत नाही.

शिवाय या आजाराचे चाळीसहून जास्त प्रकार आहेत. भारतात आढळणाऱ्या एससीए १२ (एससीए म्हणजे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) या प्रकारात बऱ्याचदा सुरुवातच हातांच्या कंपानं होते. इतर अनेक प्रकारांत आधी चालण्याचा तोल जातो. म्हणून मावशींचा दिवस डोळ्यांसमोर आणा. चहा कुठे बसून आणि कशातून पितात? आंघोळ उभ्यानं की बसून? कोणत्या कामाला कुणाला तरी हाक मारावी लागते? ज्या कामाशी त्या अडतात, त्या कामाची वस्तू द्या.

निवडताना एक कसोटी लावा. हात स्थिर करता येत नसेल तर वस्तू स्थिर करा. या कसोटीला उतरेल ती भेट बहुतेक वेळा चालते.

ताटवाटी
लंबक, शेवटचं वाक्य अगदी पटलं. जेवणापुरतं मी लिहिते.

परदेशी दुकानांत ताटाच्या कडेला बसवायचं प्लास्टिकचं कुंपण मिळतं. आपल्याकडे त्याची गरजच नाही. भांड्यांच्या दुकानात उभ्या कडेचं खोलगट स्टीलचं ताट मागा, कड दोन-अडीच सेंटिमीटर उंच आणि भिंतीसारखी सरळ. पसरट, बाहेर झुकलेल्या कडेचं नको. चमच्यानं भात कडेपर्यंत ढकलला की कड त्याला अडवते आणि घास आपोआप चमच्यात चढतो. पसरट ताटात तोच भात टेबलावर जातो. आमटीसाठी उंच, निमुळती वाटी नको. रुंद आणि सपाट बुडाची, जाड पत्र्याची वाटी घ्या, म्हणजे चमचा कडेला आपटला तरी ती कलंडणार नाही.

ताटाखाली रबरी जाळीची चटई ठेवा. कपाटाच्या फळ्यांवर घालायला जी रोलमध्ये मिळते, तीच. त्यातून ४० × ३० सेंटिमीटरचे तीन तुकडे कापा. तीन अशासाठी की तेलकट झाली की तिची पकड जाते. साबणानं धुऊन सुकेपर्यंत दुसरा तुकडा हवा. पाहुणे म्हणून कुठे गेलं तर ओला करून घट्ट पिळलेला पंचाही तेच काम करतो.

निवांत
थोडक्यात, ताटाखाली मांजर नको, ओला पंचा हवा :)

ताटवाटी
निवांत, हे त्या मावशींना नक्की सांगा कुणीतरी :)

चहाचं राहिलं. स्टीलचं फुलपात्र गुळगुळीत असतं, गरम होतं आणि त्याला कान नसतो, म्हणजे तिन्ही बाजूंनी गैरसोयीचं. दुहेरी भिंतीचा, झाकणाचा आणि मोठ्या कानाचा मग घ्या, चारही बोटं आत जातील असा. भरायचा मात्र अर्धाच. झाकण फिरकीचं असावं. नुसतं दाबून बसवायचं झाकण आतल्या वाफेनं कधी कधी सुटतं. मग टेबलावरच ठेवून लांब स्ट्रॉनं प्यायल्यास हात उचलावाच लागत नाही, पण दोन गोष्टींची काळजी घ्यायची. स्ट्रॉमधून गरम चहा थेट घशाशी पोचतो, तेव्हा तो कोमटच हवा. आणि गिळताना ठसका लागत असेल तर स्ट्रॉ चालेल का हे आधी गिळण्याचा अभ्यास असलेल्या स्पीच थेरपिस्टना विचारा. काहींना स्ट्रॉनं एकदम जास्त घोट येतो आणि ठसका वाढतो.

कोरा_कागद
हल्ली एक इलेक्ट्रॉनिक चमचा मिळतो. हाताचा कंप ओळखून तो स्वतः उलट्या दिशेनं हलतो. तोच द्या की. बजेट वाढवावं लागेल, पण वस्तू भारी आहे.

लंबक
कोरा_कागद, तंत्र चांगलंच आहे, पण ते एका तालात होणाऱ्या, लहान कंपासाठी जास्त जमतं. अटॅक्सियात हात मोठ्या कमानीत भरकटतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. तो अंदाज चमचा दुरुस्त करू शकत नाही. वापरून बघायला मिळाला आणि परत करायची सोय असली तरच घ्यावा.

त्याआधी फुकटातलं एक करून बघा. हातांची खुर्ची, पाय पूर्ण जमिनीला टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली. खांद्यापासून हात मोकळा असला की कंप पूर्ण लांबीचा येतो. कोपर टेकलं की फक्त पुढचा हात हलतो. कित्येकांना एवढ्यानंच सांडणं कमी होतं. म्हणजे कदाचित टेबल दोन इंच उंच करणारे लाकडी ठोकळे हीच भेट ठरेल.

रानजाई
वजनदार चमचे का नाही सुचवत कुणी? हाताला वजन असलं की हलणं कमी होतं ना?

लंबक
काहींचं होतं, काहींचं होत नाही. वजनानं हालचाल मंदावते आणि कमान लहान होते, हे खरं. पण साधा जेवणाचा चमचा ३०-४० ग्रॅमच्या आसपास असतो आणि वजनदार चमचा १५० ते २५० ग्रॅम. पंधरा-वीस घासांनंतर खांदा दमतो. दमलं की अटॅक्सिया आणखी उफाळतो. मनगटाला बांधायच्या वजनाच्या पट्ट्यांचंही तेच, आणि पट्टी काढल्यावर थोडा वेळ हात आधीपेक्षा जास्त भरकटल्यासारखा होऊ शकतो.

रानजाई
पण मग आधी कळणार कसं? पूर्णपणे नाकारणंही बरोबर नाही. काही जणांना वजनदार पेननं सही करता येते, साध्यानं येत नाही.

लंबक
बरोबर, नाकारू नये. घरीच चाचणी घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी वॉशर आणा. चमच्याच्या दांड्यावर दोन वॉशर चिकटपट्टीनं बांधा आणि एक पूर्ण जेवण होऊ द्या. दुसऱ्या दिवशी चार बांधा. कमी सांडलं आणि शेवटच्या घासापर्यंत हात दमला नाही, तर तेवढ्या वजनाचा चमचा विकत घ्या. फरक पडला नाही तर पैसे वाचले.

दांडा जाड करणं हे वजन वाढवण्यापेक्षा वेगळं आहे आणि ते बहुतेकांना सोयीचं जातं, कारण जाड दांडा मुठीत धरता येतो. एसीच्या तांब्याच्या नळीवर जे काळं फोमचं वेष्टन असतं, त्याचा दहा सेंटिमीटरचा तुकडा दांड्यावर सरकवा. खर्च नगण्य. पण फोम आत पाणी धरून ठेवतो. धुताना काढायचा, सुकवायचा आणि महिनाभरात बदलायचा.

थेम्सकाठ
इंग्लंडमधून एक भर. इथे असलेल्या मराठी कुटुंबांनी या वस्तू विकत घेण्याआधी कौन्सिलच्या समाजसेवा विभागाला फोन करावा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं कशी जमवायची ते बघणारे तज्ज्ञ, घरी येऊन पाहणी करतात, आणि गरज ठरली तर साधनं व १,००० पौंडांपर्यंतचे घरातले छोटे बदल फुकट करून मिळतात. भेटीचे पैसे मग दुसऱ्या कशाला तरी वापरता येतात.

आणि भारतात येताना इथले वाकड्या मानेचे काटे-चमचे कृपया नेऊ नका. ते बटाटा टोचून खायला केलेले असतात. पोळी-भाजी खाणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही.

ताटवाटी
अगदी खरं. आणि हातानं जेवणं सोडायचं कारणच नाही. बोटांना घास कळतो, चमच्याला कळत नाही. स्वयंपाकात थोडा बदल पुरतो: भात जरा मऊ, आमटी पळीवाढी, आणि पोळीत भाजी घालून घट्ट गुंडाळी करून मधोमध कापलेली. तुकडा मोडा, भाजी उचला, तोंडापर्यंत न्या या तीन हालचालींच्या जागी एकच उरते. पातळ रस्सा आणि त्यात फोडी असा प्रकार मात्र गिळायला त्रास असेल तर टाळा. पाणी आणि चावायचा पदार्थ एकाच घोटात आला की घसा गोंधळतो.

चकलीप्रेमी
दिवाळी जवळ आहे म्हणून विचारतो. फराळाचा डबा भेट दिला तर चालेल का?

ताटवाटी
ठसका लागत नसेल तर खुशाल. लागत असेल तर चिवडा सर्वांत वाईट, कारण पोहे, दाणे, डाळ्या, खोबऱ्याचे काप सगळं सुटं आणि कोरडं. चकली आणि शंकरपाळ्याचा तोंडात भुगा होतो. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो. त्यापेक्षा चारोळ्या न घातलेलं श्रीखंड, किंवा मऊ ओला सांजा, एकसारख्या पोताचा. नक्की काय चालतं ते घरच्यांना ठाऊक असतं, एक फोन करा. आणि कुणी वाइनची बाटली न्यायचा विचार करत असेल तर नको. दारू थेट लहान मेंदूवरच परिणाम करते, तोल आणखी जातो.

चकलीप्रेमी
श्रीखंड पक्कं. धन्यवाद.

ओळंबा
सगळे जेवणावर बोलतायत, मी बाथरूमवर येतो. पडायची खरी जागा ती आहे. सहा हजारांत दोन धरायचे दांडे, एक आंघोळीचं स्टूल आणि हँडशॉवर सहज बसतात. भेट म्हणून दिसायला साधी आहे, पण तिचा उपयोग दिवसातून पाच वेळा होतो.

दांडा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, भिंतीपासून साधारण ४० मिलिमीटर सुटा. याहून जास्त सुटा असेल तर घसरताना कोपर आत अडकतं. चकचकीत पॉलिशपेक्षा खरबरीत पृष्ठभाग बरा, साबणाच्या हातातून निसटत नाही. टॉवेलचा दांडा म्हणजे धरायचा दांडा नव्हे. त्याचे स्क्रू ओल्या टॉवेलचं वजन पेलण्याइतकेच असतात.

रबरी कपानं टाइलला चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. ते अजिबात देऊ नका. टाइलच्या सांध्यावरून किंवा साबणाच्या थरातून हवा आत शिरते आणि काही तासांत कप सैल होतो. दिसायला मात्र घट्टच दिसतो. भरवसा ठेवून पूर्ण भार टाकला की सुटतो.

बसवण्याआधी भिंत ओळखा. टाइलवर नाणं वाजवा. पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे सिमेंट भरलेलं नाही, तिथे भोक पाडू नका. विटांच्या नऊ इंची भिंतीत १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट बसतात. चार इंची भिंतीत किंवा नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ते सैल पडतात. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा, नाहीतर पलीकडे पट्टी लावून आरपार बोल्ट घ्या. ड्रिल सुरू करताना हॅमर बंद ठेवायचा. टाइलची चकाकी पार झाली की मगच चालू, नाहीतर टाइल तडकते. टाइलच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत यायचं आणि नळाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक घ्यायचं नाही, पाइप तिथूनच गेलेला असतो. तळपट्टीभोवती सिलिकॉन भरा. चोवीस तासांनी घरातल्या सर्वांत वजनदार माणसानं दोन्ही हातांनी लोंबकळून बघायचं, मगच मावशींनी हात लावायचा.

जागा मात्र मावशींनाच विचारून. कमोडशेजारचा आडवा दांडा बैठकीपासून साधारण २० सेंटिमीटर वर येतो. पण आंघोळीच्या जागेचा उभा दांडा, त्या आत शिरताना हात आपोआप जिथे भिंतीला टेकवतात, तिथेच हवा. रोजच्या हातानं टाइलवर तिथे पुसट डाग पडलेला दिसेल. तो डाग म्हणजेच खूण.

रानजाई
डागाचं निरीक्षण जबरदस्त. वाचनखूण साठवली.

ओळंबा
आणि बाथरूमच्या दारातलं सुटं पायपुसणं आधी उचला. नवीन काही द्यायच्या आधी हे फुकटचं काम. अटॅक्सियात पाय रुंद टाकले जातात आणि पाऊल कुठे पडेल याचा नेम नसतो. पायपुसण्याची उचललेली कड हमखास पायात येते.

सुईदोरा
कपड्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सोनचाफा, साडी नको म्हणालात, पण शिवलेली साडी हा विचार करा. निऱ्या घालून, कमरेला पट्टा लावून, पदर शिवून तयार. हल्ली शिंपी हे सर्रास करतात. पट्ट्याला नाडी नको. रुंद इलॅस्टिक आणि बाजूला वेल्क्रो. निऱ्या घोट्याच्या वर दोन बोटं ठेवायच्या, जमिनीला टेकलेल्या नको, आणि कापड सुती. सिल्क खुर्चीवरून घसरतं.

ब्लाउजचे हुक हा रोजचा छळ असतो. हुक पुढच्या बाजूला घ्या आणि हुकांच्या जागी वेल्क्रो लावा. सदऱ्याची बटणं घालवायची तर पद्धत अशी. बटणं उसवा. वरच्या पट्टीवरची काजं शिवून बंद करा आणि त्यांच्यावरच ती बटणं लावून टाका. बाहेरून सदरा बटणांचाच दिसतो. आत वेल्क्रोचे दोन-दोन सेंटिमीटरचे सुटे तुकडे लावा. एक सलग लांब पट्टी लावली तर ती वाकडी चिकटते आणि कॉलर वर-खाली येते. मऊ बाजू वरच्या पट्टीच्या आत, अंगाकडे तोंड करून हवी, नाहीतर खरखरीत बाजू कातडीला घासते. धुताना वेल्क्रो बंद करून टाकायचं, नाहीतर बाकीच्या कपड्यांचे धागे ओढतं.

चुंबकाची बटणंही मिळतात आणि ती वेल्क्रोपेक्षा सोपी जातात. पण पेसमेकर किंवा मेंदूत बसवलेलं यंत्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीवर चुंबक नको.

पाटीपेन्सिल
विषयांतर होतंय, पण याच्याशी लागून आहे. लहान मुलांमध्ये डिस्प्रॅक्सिया असतो, म्हणजे हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो. तो वाढत जाणारा आजार नाही. आठ वर्षांच्या अशा मुलाला वाढदिवसाला काय द्यावं?

लंबक
विषयांतर चालेल, कसोटी तीच आहे. तिकोनी जाड पेन्सिल, आपली आपण उघडणारी स्प्रिंगची कात्री, तळाला रबर असलेली पट्टी म्हणजे रेघ मारताना ती सरकत नाही. बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या. लिहायला उताराची पाटी. विकत नको, तीन इंच जाडीची रिंगची फाइल आडवी ठेवली की उतार तयार होतो, जाड बाजू मुलापासून लांब. खेळात छोटा कडक चेंडू नको. मोठा, मऊ आणि थोडा कमी हवा भरलेला द्या, तो हळू येतो आणि पकडता येतो. अगदी बारीक तुकड्यांची जोडणीची खेळणी पहिल्याच दिवशी डब्यात जातात.

पाटीपेन्सिल
कमी हवेचा चेंडू! इतकं सोपं आहे हे. धन्यवाद.

निवांत
चालण्यासाठी वॉकर किंवा काठी द्यायचा विचार का कुणी मांडला नाही?

लंबक
मुद्दाम टाळला. काठी आणि वॉकर परस्पर भेट देऊ नयेत. हातांतही समन्वय नसेल तर एक काठी म्हणजे सांभाळायला तिसरा पाय. चार चाकांचा हलका वॉकर अटॅक्सियाच्या माणसाच्या पुढे पळतो. वेळेवर ब्रेक दाबायचा तर पुन्हा बोटांचा नेम लागतो. उंचीही मोजून लावायची असते: हात सरळ खाली सोडले की मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी. हे फिजिओथेरपिस्टनं चालवून बघून ठरवावं.

पार्किन्सन्ससाठी जमिनीवर प्रकाशाची रेघ पाडणारी काठी मिळते. पाऊल जमिनीला खिळलं तर रेघ ओलांडायच्या निमित्तानं ते सुटतं. अटॅक्सियाची अडचण वेगळी असल्यानं ती इथे घेऊ नका.

त्याऐवजी मावशींसोबत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे एक भेट ठरवून द्या. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, केईएममध्ये, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात हे विभाग आहेत. भारतात या शिक्षणाची सुरुवातच १९५० साली केईएममध्ये कमला निंबकरांच्या पुढाकारानं झाली. तरी अनेक घरांना न्यूरॉलॉजिस्ट माहीत असतात आणि हे लोक माहीतच नसतात. वर आपण जे अंदाजानं सुचवतोय, ते ती मंडळी तासाभरात माणूस समोर बसवून ठरवतात.

कोरा_कागद
वस्तूशिवायच्या भेटी निघाल्यात तर दोन माझ्या.

एक, फोन लावून देणं. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन स्पर्शाचा अवधी वाढवा, म्हणजे ओझरता लागलेला हात फोन मोजत नाही. लागोपाठ झालेले स्पर्श दुर्लक्षित करायचा पर्यायही बऱ्याच फोनमध्ये असतो, एकाच अक्षराची रांग लागत नाही. मुख्य पडद्यावर सहाच मोठी चिन्हं ठेवा. मराठीत बोलून टाइप करणं चालू करून द्या, पण उच्चार अस्पष्ट असतील तर त्यावर फार विसंबू नका. तेव्हा रोजची वाक्यं शॉर्टकट म्हणून साठवलेली बरी.

दोन, बँक. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत येणं या आजारात फार होतं. आजारी किंवा असमर्थ खातेदार अंगठ्याच्या ठशावर व्यवहार करू शकतो, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. हे लेखी घेऊन शाखेत सोबत जाणं ही मोठी मदत आहे.

रानजाई
त्याला जोडून, दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढलंय का तेही विचारा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही येतात. अर्ज ऑनलाइन असला तरी कागद स्कॅन करणं, तपासणीची तारीख सांभाळणं, रुग्णालयात रांगेत उभं राहणं यासाठी सोबत लागते. पण हे वाढदिवसाच्या दिवशी काढू नका हो, नंतर.

निवांत
सोनचाफा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये बदाम सात आहे. तेरा पत्त्यांचा पंखा हातात धरणं अटॅक्सियात अवघड, बाजूच्याला पत्ते दिसतात किंवा खाली पडतात. पत्त्यांचा स्टँड करून घ्या सुताराकडून. सागवानाची ३५ सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर जाड पट्टी, तिच्यावर लांबीच्या दिशेनं दोन खाचा. खाच ३ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर खोल, आणि मागे थोडी कललेली. सरळ उभी खाच केली तर वरून बघताना पत्त्याचा आकडा दिसत नाही. खाली रबराच्या चकत्या. पत्ते मोठ्या आकड्यांचे घ्या. ही वस्तू उघडल्यावर कुणालाही दवाखाना आठवणार नाही.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचून, शेवटी लंबक म्हणाले तसं मावशीलाच विचारलं, कोणत्या कामाशी अडतेस? मला वाटलं जेवण म्हणेल, नाहीतर आंघोळ. ती म्हणाली, दाराची बेल. दुपारी घरात एकटी असते. बेल वाजली की उठून जाळीच्या दारापर्यंत पोचायला तिला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात कुरिअरवाला पुन्हा पुन्हा वाजवतो. ती घाई करते आणि दोनदा त्या घाईतच पडलीये. यावर काही आहे का?

लंबक
फार महत्त्वाचं सांगितलं त्यांनी. घाई झाली की तोल सांभाळायला लागणारं लक्ष घाईत जातं. तेव्हा घाईच काढून टाकायची.

ओळंबा
दोन मार्ग आहेत. पहिला, आवाज-चित्राचा डोअरफोन आणि जाळीच्या दाराला १२ व्होल्टचं विजेवर उघडणारं कुलूप. खुर्चीतून बघायचं, बटण दाबायचं. वायरिंगसकट हे तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. घेतलंत तर बाहेरून किल्लीनं उघडणारंच कुलूप घ्या, वीज गेली तर अडायला नको.

दुसरा फार स्वस्त आहे. बिनतारी बेल घ्या आणि उलटी लावा. बटण मावशींच्या खुर्चीच्या हाताला, आवाजाचा डबा दाराबाहेर. दारावरची बेल वाजली की त्या बसल्या जागी बटण दाबतील, बाहेर आवाज होईल. डब्याखाली पाटी: "हा आवाज आला म्हणजे मी येते आहे. दोन मिनिटं थांबा." कुरिअरवाला थांबतो, कारण उत्तर मिळालेलं असतं.

सोनचाफा
हे किती छान आहे! लगेच घेते. उरलेल्या पैशांत निवांत यांचा सागवानी स्टँड, ताटवाटी यांचं उभ्या कडेचं ताट आणि बाथरूमचे दोन दांडे. ओळंबा, बेल घेताना काय बघू?

ओळंबा
जिन्यात सॉकेट नसतं, म्हणून आवाजाचा डबा बॅटरीवर चालणारा घ्या. बाजारातले बरेचसे भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे असतात. डबा मुख्य दाराबाहेर, पण जाळीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, आवाज बाहेर जातो आणि डबा चोरीला जात नाही. बटण पेटीतल्यासारखं छोटं ठेवू नका. त्यावर सात-आठ सेंटिमीटरची लाकडी चकती चिकटवा, हात कुठेही पडला तरी दाबलं जाईल. भिंतीला भोक पाडायच्या आधी दोन्ही दारं बंद करून आवाज पोचतो का ते बघा. आणि सूर घराच्या बेलपेक्षा वेगळा निवडा, नाहीतर मावशींना वाटेल दारावर अजून कुणी आलं.